आधी कोणी विचारायचं?

गोदावरीच्या अलीकडं, जालना जिल्ह्यातल्या अंबड तालुक्याच्या दक्षिणेला अंकुशनगर आहे. कर्मवीर अंकुशराव टोपे यांचं नाव गावालाही आहे आणि तिथल्या सहकारी साखर कारखान्यालाही. दसरा-दिवाळीच्या सुमाराला बॉयलर पेटला, की इथं दिवस आणि रात्र सारखीच होते. पाळ्या सुरू होतात, वजनकाट्यापुढं उसाच्या गाड्यांची रांग लागते, आणि ऊसतोड टोळ्यांच्या कोप्यांपुढं पहाटेच चुली पेटतात.

अशा गावात राहणाऱ्या आणि साखरेच्या पॅनवर काम करणाऱ्या एका माणसाची ही गोष्ट. माणसं रचलेली आहेत. त्याला मिळालेली गोळी, तिचा परिणाम आणि त्या परिणामाभोवतीचं मौन मात्र रचलेलं नाही.

पॅनमनचं काम जोखमीचं असतं. उसाच्या रसाचा पाक पॅनमधली हवा ओढून घेऊन उकळतात, म्हणजे तो कमी तापमानाला उकळतो आणि साखर करपत नाही. त्यात बी सोडलं, की दाणा धरू लागतो. पॅनमन सळईनं नमुना काढतो, काचेवर पसरतो आणि उजेडापुढं धरतो. दाणा किती वाढला, अजून किती पाक ओढायचा, हे त्याच्या डोळ्याला कळावं लागतं. या माणसाची नजर अशी, की नवी पोरं त्याला दाखवल्याशिवाय पॅन उतरवत नसत. वय चाळिशीच्या आतलं, घरात म्हातारी आई, थोरला भाऊ-भावजय, बायको, दोन लेकरं. तंबाखू नाही, दारू नाही.

भर हंगामात, एका जानेवारीत, त्याची ती नजर विझली. तो काच हातात धरून उभा राही आणि काय पाहायचं होतं तेच विसरे. रात्रपाळी नसतानाही पहाटे तीनला जाग येई, ती पुन्हा डोळा लागत नसे. भाकरी तोंडात फिरे. सदरा खांद्यावरून ओघळू लागला. लेकरू मांडीवर येऊन बसलं, तर हात आपोआप त्याच्या डोक्यावर जात नसे.

"झालं तरी काय?" असं सगळे विचारत. कर्ज होतं, पण ते सगळ्यांनाच होतं. भांडण नव्हतं. दोन एकर ऊस बरा होता. कारण सापडेना म्हणून लोकांनी कारणं शोधून काढली. कुणी बाहेरचं म्हणालं, कुणी नजर म्हणालं. गावातल्या डॉक्टरनं अशक्तपणा म्हणून सलाईन लावलं. नैराश्याला दर वेळी दाखवता येईल असं कारण असतंच असं नाही, हे त्याला सांगणारं कुणी भेटलं नाही. त्यामुळं कारणाशिवाय आपण असे कसे झालो, याची लाज त्याच्या दुखण्यात आणखी मिसळली.

शेवटी गावातली आशाताई घरी आली. विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतकरी आत्महत्या जास्त असलेल्या 14 जिल्ह्यांत राज्य सरकारनं 2015 साली प्रेरणा प्रकल्प सुरू केला. जालना जिल्हा त्यात आहे. खचलेला माणूस हेरून त्याला उपचारापर्यंत न्यायचं काम त्यात आशाताईंकडं आलं. तिनं झोप विचारली, जेवण विचारलं, आणि मग त्याच आवाजात विचारलं, "भाऊ, जीव नको झालाय असं वाटतं का? मरणाचे विचार येतात का?"

घरात कुणाची हिंमत झाली नव्हती तो प्रश्न तिनं सरळ विचारला. तो बराच वेळ भिंतीकडं पाहत राहिला आणि म्हणाला, "येतात."

दुसऱ्याच दिवशी थोरला भाऊ त्याला वडीगोद्री, अंबड करत जालन्याला एका मानसोपचार डॉक्टरांकडं घेऊन गेला. डॉक्टरांनी एस्सिटालोप्रामची गोळी दिली. गुण यायला तीन-चार आठवडे लागतील, मध्येच सोडायची नाही, असं बजावलं. पहिले आठ दिवस मळमळलं, मग ते थांबलं. होळीच्या आसपास त्याला पहिल्यांदा सलग झोप लागली. हंगाम संपता संपता तो पुन्हा पॅनपुढं उभा राहिला, काच उजेडाला धरली आणि त्याला दाणा दिसला. बायकोनं त्या दिवशी पुरण घातलं.

गोष्ट इथंच संपली असती, तर ती नुसती गोळीच्या गुणाची गोष्ट झाली असती.

माणूस बरा झाला तसा घरातला त्याचा वावर परतला. जेवण, हसणं, लेकरांचा अभ्यास, सगळं आलं. एक गोष्ट आली नाही. बायकोजवळ जावं, ही ओढच त्याच्यात उरली नव्हती. ओढ नसताना, केवळ नवरा म्हणून जवळ गेला, तर शरीर साथ देई पण शेवटाला पोचत नसे. घाम यायचा, दम लागायचा, आणि काही न होता तो बाजूला व्हायचा. दोन-तीनदा असं झालं आणि मग त्यानं जवळ जाणंच सोडलं. उन्हाळा आला. तो अंगणात बाज टाकून झोपू लागला. आईनं विचारलं तेव्हा आत उकडतं, असं म्हणाला.

बायकोनं काही विचारलं नाही. तिनं आपल्या मनाशी हिशेब मांडला. आजारपणात आपण रात्र रात्र याच्या उशाशी बसलो, आपली कळा गेली, म्हणून आता आपण नकोशा झालो. किंवा बाहेर कुणीतरी आहे. तिनं मोबाइल पाहिला, त्यात काही सापडलं नाही, तरी संशय मिटला नाही. त्यानंही आपल्या मनाशी हिशेब मांडला होता. पुरुषपण गेलं. आजारानं मन नेलं होतं, ते परत आलं; हे गेलं ते गेलंच.

तो पुन्हा जालन्याला तपासणीला गेला, तेव्हा बाहेर गर्दी होती. डॉक्टरांनी झोप विचारली, भूक विचारली, काम जमतं का विचारलं. त्यानं तिन्हींना होकार दिला. खरं तर घरून निघतानाच त्यानं मनाशी ठरवलं होतं, की आज सांगायचं. खुर्चीत बसल्यावर शब्द गळ्यापर्यंत आले. पण मागं दारात पुढचा रोगी उभा होता, आणि हे कोणत्या शब्दांत सांगायचं तेही त्याला ठाऊक नव्हतं. त्याच्या तोंडी या गोष्टीसाठी दोनच प्रकारचे शब्द होते, शिवीतले आणि लाजेतले. "छान आहे, तीच गोळी चालू ठेवा," असं डॉक्टर म्हणाले. तो उठला.

परत येताना महामार्गाच्या कडेला एक तंबू लागला. वर लाल अक्षरांत गुप्तरोग, कमजोरी, हमखास गुण. तिथं मात्र त्याला काहीच सांगावं लागलं नाही. तंबूतल्या माणसानंच विचारलं, "काय दादा, संसारात अडचण हाय का?" त्या एका प्रश्नाच्या जोरावर त्यानं पुड्या विकल्या, आणि वर सांगितलं, "त्या डोक्याच्या गोळ्यांनीच नस मेलीय तुमची. त्या आधी बंद करा."

या फसव्या माणसाजवळ खरं औषध नव्हतं. पण रोग्याला काय सलतं, ते त्यानं विचारलं होतं. शिकल्यासवरल्या डॉक्टरकडून सुटलेली जागा त्यानं पकडली. गावोगावचे असे तंबू कशावर चालतात, याचं उत्तर निम्मं इथं आहे.

पॅनमननं गोळ्या एका दिवसात बंद केल्या. घरात कुणाला सांगितलं नाही; रोज एक गोळी पाकिटातून काढून मोरीत टाकत राहिला. चौथ्या दिवशी मान वळवली की डोक्यात वीज चमकल्यासारखा झटका बसू लागला. गरगरे, चिडचिड होई, रात्री भलतीसलती स्वप्नं पडत. ही गोळी अचानक सोडल्यावर होणारी लक्षणं असतात, आणि ती टाळण्यासाठीच डॉक्टर डोस हळूहळू उतरवतात. त्याला वाटलं, पुड्या अंगात भिनताहेत. दोन-तीन आठवड्यांत ते झटके थांबले. ओढ थोडी परतल्यासारखी वाटली. त्या आनंदात तो असतानाच आषाढात पहाटेची ती जाग पुन्हा आली. भाकरी पुन्हा तोंडात फिरू लागली. कारखान्यात दुरुस्तीची कामं चालू होती. फोरमननं दोनदा हाक मारली तरी त्याला ऐकू आलं नाही.

बायकोला मोरीच्या तोंडाशी अडकलेली एक गोळी सापडली. तिनं ती धुऊन तळहातावर घेतली आणि रात्री त्याच्यासमोर धरली.

"कामून टाकल्या?"

"अशाच."

"मरायचंय का तुम्हाला?"

तो काही बोलला नाही. तिनंही पुढं विचारलं नाही. पण सकाळी तिनं आशाताईला गाठलं, आणि या वेळी भावाबरोबर न पाठवता ती स्वतः त्याला घेऊन जालन्याला निघाली. आशाताईनं दुसऱ्या एका डॉक्टरबाईंचं नाव सुचवलं होतं.

डॉक्टरबाई तरुण होत्या. त्यांनी झोप विचारली, भूक विचारली, मरणाचे विचार विचारले. फिट कधी आली होती का, दारू किती, हेही विचारलं. गोळ्या सोडल्याचं कळल्यावर रागावल्या नाहीत. पुढचा प्रश्न त्यांनी झोपेबद्दल विचारावा तितक्याच साध्या आवाजात विचारला.

"या गोळ्यांनी बऱ्याच लोकांची संबंधाची इच्छा कमी होते. पुरुषांना वीर्य यायला फार वेळ लागतो किंवा येतच नाही. कधी ताठरपणा टिकत नाही. बायकांनाही असंच होतं. तुम्हाला यातलं काही झालं होतं का?"

पॅनमननं बायकोकडं पाहिलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, "ताईंना बाहेर थांबायला सांगू, की इथंच बसू दे? तुम्ही म्हणाल तसं."

"बसू द्या," तो म्हणाला. "तिला बी कळू द्या." आणि इतके महिने जे शब्द सापडत नव्हते, ते आता शोधावेच लागले नाहीत. त्या बाईंनी आधीच टेबलावर ठेवले होते. त्यानं फक्त मान डोलावली आणि मग एकेक सांगत गेला, तंबूपर्यंतचं सगळं.

"म्हणजे हे गोळीचं हाय? माझं नाही?"

"गोळीचं आहे. मेंदूत सेरोटोनिन नावाचं एक रसायन असतं. ही गोळी त्याचं काम वाढवते, त्यानं मन सावरतं. पण तेच सेरोटोनिन कामेच्छेला लगाम घालतं, संवेदना बोथट करतं आणि शेवटाचा क्षण लांबवतं. हे इतकं पक्कं ठाऊक आहे, की ज्यांना वीर्य फार लवकर येतं त्यांना याच जातीचं डॅपॉक्सेटिन नावाचं औषध मुद्दाम देतात. तुमची नस मेलेली नाही, पुरुषपणही गेलेलं नाही. औषधानं जे एका ठिकाणी केलं, तेच दुसऱ्याही ठिकाणी केलं."

बायको इतका वेळ गप्प होती. ती म्हणाली, "मग आजारात, गोळी सुरू व्हायच्या आधीही हे असंच होतं, ते?"

"तेही खरं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "नैराश्य स्वतःच इच्छा खातं. म्हणून खरं तर गोळी सुरू करायच्या आधीच विचारायला पाहिजे, की आत्ता कसं आहे. मग नंतर काय बिघडलं, ते आजाराचं की औषधाचं, हे नीट कळतं. मधुमेह, रक्तदाबाच्या काही गोळ्या, दारू, यांनीही असं होतं, म्हणून तेही तपासायचं."

मग त्यांनी वाटा सांगितल्या. काही जणांचं शरीर काही महिन्यांत सरावतं, तेव्हा थांबून पाहता येतं. आजार आटोक्यात असेल तर डोस थोडा उतरवून पाहता येतो. ताठरपणाचीच अडचण असेल तर सिल्डेनाफिलसारखी गोळी जोडता येते, पण हृदयासाठी नायट्रेट घेणाऱ्यानं ती चुकूनही घ्यायची नाही. नाहीतर औषधच बदलायचं. बुप्रोपिऑन आणि मिर्टाझापिन यांचा या बाबतीतला त्रास पुष्कळ कमी असतो. मिर्टाझापिननं झोप आणि भूक वाढते, म्हणून ते याला एरवी बरं पडलं असतं. पण रात्रपाळीत गरम पॅनपुढं पेंगणं धोक्याचं. फिट येणाऱ्याला बुप्रोपिऑन देत नाहीत. याला तसं काही नव्हतं. जुनी गोळी सुटून दोन महिने झालेच होते. त्यामुळं सकाळी घ्यायचं बुप्रोपिऑन ठरलं.

"एक गोष्ट लपवत नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "बहुतेकांचा हा त्रास औषध बदललं किंवा थांबवलं की जातो. काही जणांचा मात्र नंतरही रेंगाळतो. युरोपच्या औषध नियामक संस्थेनं 2019 साली या औषधांच्या माहितीपत्रकात तशी सूचना घालायला सांगितलं. तुमची ओढ परतत होती असं तुम्हीच म्हणता, म्हणजे काळजीचं कारण दिसत नाही. पण काहीही वाटलं तरी मला सांगायचं. गोळी टाकायची नाही."

परतीच्या एसटीत दोघं शेजारी बसली. अंबडच्या पुढं गेल्यावर ती म्हणाली, "मला वाटलं, मी नकोशी झाले."

"मला वाटलं, तू मला सोडून जाशील."

"एवढं वाटत होतं तर बोलायचं होतं."

"तू तरी कुठं बोललीस?"

दोघंही खरंच बोलत होती. दोघांनी आपापल्या मनात एकेक खोटं कारण रुजवलं होतं, आणि कैक महिने त्याला पाणी घातलं होतं. खरं कारण दहा-बारा रुपयांच्या एका गोळीत होतं.

नवं औषध जादूसारखं लागू पडलं नाही. पहिल्या पंधरवड्यात त्याची झोप आणखी मोडली. एका मध्यरात्री तो अंगणात येरझारा घालू लागला, तेव्हा बायकोनं 14416 लावला. हा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा फुकट क्रमांक. ही सेवा ऑक्टोबर 2022 मध्ये देशभर सुरू झाली, आणि तिथं मराठीत बोलता येतं. पलीकडच्या समुपदेशकानं त्याला बोलतं केलं, आपल्या मनानं गोळी सोडू नका, सकाळी डॉक्टरांना कळवा, असं सांगितलं. सकाळी डॉक्टरबाईंनी थोडे दिवस धीर धरायला सांगितलं. ते मात्र त्याला सांगितलं नसतं तरी चाललं असतं. पॅनवर घाई केली, पाक एकदम दाट होऊ दिला, की भलताच बारीक खोटा दाणा धरतो आणि सगळा पॅन बिघडतो, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक?

गणपती बसले तेव्हा झोप परतली होती. नवरात्रात दोघं अंबडला मत्स्योदरी देवीच्या दर्शनाला गेली. पावसाळ्यात बाज आत आली होती, ती आता आतच राहिली. जवळीक एकदम आली नाही. आधी नुसतं शेजारी झोपणं, हात हातात घेणं, शेवटापर्यंत पोचायचंच ही धास्ती सोडणं, असं हळूहळू होत गेलं. मोळी टाकून नवा हंगाम सुरू झाला तोवर त्या दोघांमधलं अवघडलेपण गेलं होतं.

या गोष्टीत आणखी एक माणूस आहे. पॅनमनची थोरली भावजय.

तिला धाकट्या लेकराच्या बाळंतपणानंतर नैराश्य आलं होतं. तेव्हापासून तीन वर्षं ती सर्ट्रालिन घेत होती. गोळीचा गुण आला होता, म्हणून कुणी काही विचारत नव्हतं. एका दुपारी निवडण करताना धाकटीनं तिला जालन्याची सगळी हकिगत सांगितली. थोरलीचा हात सुपात थांबला.

"मला तर कधीपासून काहीच वाटत नाही," ती म्हणाली. "अंगाला हात लागला तर लाकडाला लागल्यावाणी. मला वाटलं, वय झालं."

तिचं वय चौतीस होतं.

"डॉक्टरला सांगितलं नाही?"

"बाईला हे कोण विचारतं? आणि सांगितलं असतं, तर काय म्हणले असते, की ही बाई कशाची तक्रार करती?"

पुरुषाची अडचण निदान तंबूवाल्याच्या धंद्यापुरती तरी मोजली जाते. बाईची मोजलीच जात नाही. तिची इच्छा कमी झाली तर घरादाराला ती शहाणी झाली असं वाटतं. कोरडेपणा, दुखणं, सुखाच्या टोकाला कधीच न पोचणं, हे तिनं सोसायचं असतं. पुढच्या खेपेला धाकटी तिला बरोबर घेऊन गेली. तिचा आजार बराच काळ आटोक्यात होता, म्हणून डॉक्टरबाईंनी डोस टप्प्याटप्प्यानं उतरवायला घेतला, आणि दर खेपेला मन आणि शरीर दोन्हींबद्दल विचारत राहिल्या. दिवाळीच्या आधी थोरली धाकटीला म्हणाली, "अगं, मी म्हातारी नव्हते."

*

गोष्ट संपली. आता तिचं तात्पर्य सांगितलं पाहिजे, आणि ते "रोग्यानं लाजू नये" एवढंच सांगितलं, तर ते अर्धवट राहील. आपल्याकडं अशा गोष्टींचा सगळा उपदेश रोग्याच्याच वाट्याला येतो. लाजतोही तोच, भोगतोही तोच, आणि बोलला नाही म्हणून बोलणीही तोच खातो.

स्पेनमधल्या डॉक्टरांनी 1997 साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. याच जातीची नैराश्यावरची औषधं घेणाऱ्या 344 जणांपैकी आपण होऊन लैंगिक त्रास सांगणारे 14 टक्के निघाले. डॉक्टरांनी सरळ विचारलं, तेव्हा तोच आकडा 58 टक्क्यांवर गेला. पुढं 2001 साली 1,022 रुग्णांच्या अभ्यासात, प्रत्येकाला विचारून, हे प्रमाण सुमारे 59 टक्के आलं. पुरुषांत ते जरा जास्त होतं, पण बायकांमधला त्रास अधिक तीव्र होता. 14 आणि 58 यांच्या मधली माणसं लाजरी होती, एवढंच म्हणून सोडून देता येणार नाही. त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. आणि हा स्पेन आहे. आपल्या अंबड-घनसावंगीत, जिथं नवरा-बायको दिवसाउजेडी एकमेकांशी धड बोलत नाहीत, तिथं आपण होऊन कोण सांगेल?

विचारणारा भेटला, की मराठी माणूस बोलतो, याला जुना पुरावा आहे. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी जुलै 1927 मध्ये 'समाजस्वास्थ्य' हे मासिक काढलं आणि 1953 सालापर्यंत, मरेपर्यंत, चालवलं. लैंगिक अडचणींचे प्रश्न लोक त्यांना पत्रानं विचारत आणि ते मासिकात सरळ उत्तरं देत. त्यापायी त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. 1934 च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूनं उभे राहिले. प्रश्न विचारणाऱ्याला आणि उत्तर देणाऱ्याला अश्लील ठरवू नये, एवढ्यासाठी या मातीतल्या दोन मोठ्या माणसांनी कोर्टाची पायरी चढली आहे. आपण दवाखान्यातही तोंड उघडू नये, हे त्यांच्या कष्टांना शोभत नाही.

कायदाही आता रोग्याच्या बाजूनं आहे. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं उपचारांची आणि त्यांच्या ज्ञात दुष्परिणामांची माहिती मिळणं हा रोग्याचा हक्क केला आहे, आणि आपल्या आजार-उपचारांची माहिती गुप्त राहणं हाही. म्हणजे डॉक्टरांनी हे सांगणं ही मेहेरबानी नाही, त्यांचं कर्तव्य आहे. ओपीडीतली रांग मोठी असते, हे खरं. पण "गोळी सुरू केल्यापासून नवरा-बायकोच्या संबंधात काही फरक पडला का?" हे विचारायला झोपेचा प्रश्न विचारण्याइतकाच वेळ लागतो. तो वेळ वाचवला, तर गोळी मोरीत जाते, आजार उलटतो आणि तोच रोगी दुप्पट वेळ मागत परत येतो. परत आला नाही, तर त्याहून वाईट.

आणि जोवर सगळे डॉक्टर विचारत नाहीत, तोवर रोग्यांसाठी एक सोपा मार्ग आहे. शब्द सापडत नसतील तर कागदावर लिहून न्या: "या गोळीनंतर माझी इच्छा कमी झाली आहे. यावर काय करता येईल?" चिठ्ठी पुढं सरकवा. गोळी मात्र आपल्या मनानं सोडू नका, आणि उत्तरासाठी तंबूत जाऊ नका.

तात्पर्य हे, की लाज सोडण्याचं ओझं सगळ्यात खचलेल्या माणसावर टाकू नये. ज्याच्या हातात औषध आहे त्यानं आधी विचारावं, ज्यांचा संसार आहे त्यांनी एकमेकांना विचारावं, आणि बाईला विचारायला तर मुळीच विसरू नये. मन बरं करणारं औषध चांगलंच आहे, आणि त्याची किंमत कुणाला अंधारात मोजावी लागू नये, एवढं आपल्या सगळ्यांच्या हातात आहे.